चार तारांचं गिटार

(अक्कलकुवा इथं झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याच्या ओघातली काही पुनरुक्ती गाळून छापत आहोत.)

बायांनो, मुलींनो आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या भावांनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढं 'महिला सक्षमीकरण' असा विषय छापलाय. या विषयावर तुम्ही इतकी भाषणं ऐकली आहेत की तुमच्यातली कोणीही उठून माझ्यापेक्षा बरं बोलेल. मी आज दुसरंच बोलणार आहे. गेले तीन महिने एक गोष्ट मला टोचते आहे आणि त्यात माझी चूक आहे, म्हणून ती सगळ्यांपुढं मांडते. ज्या मायलेकींबद्दल बोलणार आहे त्यांना विचारूनच बोलते आहे. नाव घेत नाही.

तीन महिन्यांपूर्वी गटाच्या बैठकीत एका बाईंनी कर्जाचा अर्ज दिला. रक्कम अठरा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीला गिटार'. बैठकीत आधी शांतता आणि मग हशा. मीही हसले. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, वसतिगृहात राहून कॉलेज करणारी. दिवाळीनंतर आईबरोबर सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाऊन आलेली. तिला बोलावून विचारलं, 'कसलं गिटार?' ती म्हणाली, 'चार तारांचं.' आमच्यातली एक म्हणाली, 'अगं, गिटारला सहा तारा असतात. दोन तुटलेलं कशाला घेतेस?' पुन्हा हशा.

तिला जे हवं होतं त्याला बेस गिटार म्हणतात. त्याला चारच तारा असतात, जाड आणि लांब. साध्या गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा ज्या सुरांत लावतात त्याच सुरांत, पण पूर्ण एक सप्तक खाली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तिनं मोबाईलवर मोहिनी डे या बाईंना वाजवताना पाहिलं होतं. मोहिनी डे मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या. वडील बेस वाजवणारे, त्यांच्याकडंच लहानपणी शिकल्या, पुढं ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवू लागल्या आणि आज जगभर कार्यक्रम करतात. मायोनिस नावाची एक पोलंडची कंपनी त्यांच्या नावाचा बेस बनवते. ही मुलगी मला म्हणाली, 'ताई, ते ढोलासारखं पोटात वाजतं, पण त्यात सूर आहे.'

काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको. पहाटे होळी पेटते तेव्हा ते मोठे ढोल कानांनी ऐकूच येत नाहीत, छातीत वाजतात. मी जितक्या वेळा ती होळी पाहिली, तितक्या वेळा ढोल पुरुषांच्या गळ्यात पाहिला. बाया फेर धरतात, गातात, रात्रभर नाचतात. ढोल मात्र त्यांच्या गळ्यात येत नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. मी बाहेरून आलेली बाई, तुमच्या सणाला नावं ठेवायला उभी नाही. पण मुलीनं तो आवाज लहानपणापासून पोटात घेतला आणि तसा आवाज एका बाईच्या हातातून निघताना तिनं पहिल्यांदा पाहिला तो मोबाईलवर, हे मला लक्षात घ्यावंसं वाटतं.

आता बैठकीत आम्ही काय म्हणालो ते सांगते. गिटारच्या ऐवजी शिलाई मशीन घे. पाड्यावर वीज कधी असते कधी नसते, त्या वाद्याला स्पीकर लागतो, तो कुठं लावणार? लग्न झाल्यावर ते कुठं ठेवणार? शिकवणार कोण? शेवटचं वाक्य माझं होतं. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई, 'गरजांचा प्राधान्यक्रम' हा शब्द मला पाठ आहे. मी म्हटलं, 'आधी गरजा, मग हौस.' आणि अर्ज नामंजूर करायला हात वर केला.

चार दिवसांनी मी गटाची वही तपासत होते. त्याच आईच्या नावावर गेल्या वर्षी पंचवीस हजारांचं कर्ज होतं. कारण, 'व्यवसाय'. व्यवसाय कसला, म्हणून विचारलं. तर मुलासाठी जुना ऑक्टोपॅड.

ऑक्टोपॅड काय असतो ते इथं सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या वरातीत गाडीवर कॅसिओ आणि त्याच्या शेजारी काळे आठ चौकोन असलेलं ते यंत्र. जपानच्या रोलँड कंपनीनं ते १९८५ साली पहिल्यांदा बाजारात आणलं आणि आपल्याकडं आता कोणत्याही कंपनीचं असलं तरी त्याला ऑक्टोपॅडच म्हणतात. तो मुलगाही काही पोटातून शिकून आला नव्हता. एका बँडमधल्या पोराला वाजवताना त्यानं पाहिलं आणि त्याला हवं झालं. अगदी बहिणीसारखंच. त्याच्या वेळी कोणी विचारलं नाही की वीज कुठं आहे, शिकवणार कोण, लग्न झाल्यावर ते कुठं ठेवणार. आम्ही पंधरा बायांनी पाच मिनिटांत मंजूर केलं. एक गोष्ट मात्र न्यायानं सांगायला हवी. त्यानं दोन लग्नसराईंत सगळं कर्ज व्याजासकट फेडलं. बेस गिटार इतक्या लवकर पैसे देणार नाही, हे खरं आहे. पण ऑक्टोपॅड देईल हे तरी आम्हाला त्या दिवशी कुठं ठाऊक होतं? आम्ही हिशेब केलाच नव्हता. मुलगा वाजवतो म्हणजे व्यवसाय, मुलगी वाजवते म्हणजे हौस, हे आम्ही लिहिण्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन वाचते आहे, लोकांना विचारते आहे. माणूस एखादं वाद्य विकत घ्यायला का जातो? दुकानात शंभर वाद्यं टांगलेली असतात. त्यातलं तेच का? कारण ते त्यानं कोणाच्या तरी हातात पाहिलेलं असतं. झाकीर हुसेन यांना टीव्हीवर, चहाच्या जाहिरातीत पाहून किती मुलं तबल्याच्या क्लासला बसली असतील याचा हिशेब नाही. २०२४च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा कितीतरी पुरुषांनी तेच सांगितलं, की मी त्यांना पाहिलं आणि घरी तबल्याचा हट्ट धरला.

सितारीचंही असंच आहे. बीटल्स नावाच्या इंग्लंडच्या गायकमंडळीतल्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९६५ साली एका गाण्यात सितार वाजवली, पुढच्या वर्षी ते रविशंकरांकडं शिकायला आले आणि तिकडच्या पोरांना सितारीचं वेड लागलं. इतकं, की १९६७ साली अमेरिकेत सितारीसारखा आवाज काढणारी एक विजेची गिटारच बाजारात आली. आपल्या मिरजेत सितारी आणि तंबोरे बनवणारी घराणी दीडशे वर्षांहून जास्त काळ आहेत. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे कारागीर, ते वाद्यांकडं वळले. पंढरपूर भागातल्या कडू भोपळ्यांतून ते तंबोरा घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाजवणारा एक, पण त्याच्यामागं भोपळा पिकवणाऱ्यापासून तार चढवणाऱ्यापर्यंत किती हातांना काम लागतं, ते पाहा.

पण रविशंकरांच्याच घरात अन्नपूर्णादेवी होत्या. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, रविशंकरांच्या पहिल्या पत्नी. सुरबहार वाजवायच्या. सुरबहार म्हणजे सितारीची मोठी बहीण, खर्जातलं, गंभीर वाद्य. आपल्या चार तारांच्या गिटारचं हे आपल्याकडचं नातेवाईक म्हणायला हरकत नाही. त्यांनी लोकांपुढं वाजवणं १९५०च्या दशकात बंद केलं. त्याची कारणं अनेकांनी अनेक सांगितली आहेत, मी त्यात शिरत नाही. मुंबईत दार लावून त्या राहिल्या, शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी असे शिष्य त्यांनी घडवले. २०१८ साली त्या गेल्या. सितार देशोदेशी विकली गेली. सुरबहार मागायला किती मुली दुकानात गेल्या असतील? ज्या बाईच्या हातात तो बघायचा ती बाईच दिसत नव्हती.

तंबोऱ्याबद्दल एक गंमत सांगते. तंबोऱ्यात दोन जाती असतात, मर्दानी आणि जनानी. बायकांचा आवाज वरच्या पट्टीतला, म्हणून त्यांचा तंबोरा आकारानं लहान, तारा आखूड. शेकडो वर्षांपूर्वीच्या की कधीच्या कोण्या कारागिरानं बाईचा आवाज, बाईचा हात ध्यानात घेऊन वाद्य वेगळं घडवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. हे वाद्य घेऊन सभ्य मानल्या गेलेल्या घरांतल्या मुली गायला बसू लागल्या, त्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा मोठा. १९२०च्या दशकात त्या तिकीट लावून, मंचावर बसून गायल्या. त्याआधी मंचावर गाणारी बाई म्हणजे काय समजायचे ते तुम्हाला माहीत आहे. तमाशातल्या बाईनं गावं, नाचावं, शिव्या खाव्यात, आणि ढोलकी, तुणतुणं पुरुषाच्याच हातात.

मग घराघरांत पेटी आली. हो, पण ती कशासाठी आली? माझ्या आईकडं पेटी होती. आजोबांनी तिला घेऊन दिली, कारण मुलगी दाखवताना 'गाता येतं' असं सांगता येई. दोन परीक्षा दिल्या, लग्न ठरलं. पेटी सासरी आली आणि माळ्यावर गेली. मी लहानपणी ती उघडली तेव्हा आत झुरळं होती. आईला विचारलं, 'तू वाजवत का नाहीस?' ती म्हणाली, 'वेळ कुठाय?' आता मला वाटतं, वेळेपेक्षाही दुसरं काही असावं. ते वाद्य तिनं कोणाच्या हातात पाहून मागितलेलंच नव्हतं. तिला ते देण्यात आलं होतं, जसं नंतर मिक्सर देण्यात आला.

परदेशात गिटारच्या कंपन्यांना हे गणित फार लवकर कळलं. १९५२ साली गिब्सन कंपनीनं लेस पॉल या वादकाचं नाव घालून गिटार काढली. आजही ती त्याच नावानं विकली जाते. फेंडर कंपनीनं १९८८ साली एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची काढली. पोरं दुकानात जाऊन गिटार मागत नाहीत, 'त्याची' गिटार मागतात. बायकांचं काय? सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक काळी बाई होती. चर्चमधली भक्तिगीतं ती विजेच्या गिटारवर अशी वाजवायची की पुढं ज्यांना रॉक संगीताचे जनक म्हटलं गेलं त्या पुरुषांनी तिच्याकडून घेतलं. ती १९७३ साली वारली. त्या संगीताच्या मानाच्या सभागृहात तिचं नाव लागलं २०१८ साली. कॅरल के या बाईंनी १९६३च्या सुमारास, ठरलेला बेसवाला रेकॉर्डिंगला आला नाही म्हणून बेस हातात घेतला आणि पुढं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत हजारो गाण्यांत वाजवला. त्या काळी रेकॉर्डच्या पाकिटावर अशा वादकांची नावं छापत नसत. त्यांचा बेस ऐकून कितीतरी मुलांनी बेस विकत घेतले असतील आणि आपण एका बाईचं ऐकतो आहोत हे त्यांना ठाऊकही नसेल.

फेंडरनं पहिल्यांदा एका बाईच्या नावाची गिटार काढली ती १९९०च्या दशकात, बॉनी रेट यांच्या नावाची. आणि २०१६ साली सेंट व्हिन्सेंट या नावानं गाणाऱ्या बाईंनी एका कंपनीबरोबर स्वतःची गिटार आखली. वजनाला हलकी, आणि छातीशी धरताना बाईला अडचण होणार नाही अशा आकाराची. म्हणजे आपल्या जनानी तंबोऱ्याचंच तत्त्व, फक्त इथं आखणारी बाई स्वतः आहे. २०१८ साली फेंडरनं पाहणी केली तेव्हा अमेरिका आणि इंग्लंडमध्ये नव्यानं गिटार धरणाऱ्यांत निम्म्या बायका निघाल्या. कंपनीनं लगेच माल तसा बनवायला घेतला. कंपनीला स्त्रीमुक्तीचं काही पडलेलं नाही, तिला गिऱ्हाईक दिसलं. यातला व्यापार मला कळतो. मोबाईलवर आज जी बाई वाजवताना दिसते तिच्यामागंही वाद्य खपवणारा कोणी असू शकतो, हे मुलींनीही ध्यानात ठेवावं. 'तिच्यासारखंच, त्याच कंपनीचं' हा हट्ट धरला तर लाखावर रुपये जातील. आपल्या मुलीनं तो धरलेला नाही. बारा हजारांचं साधं वाद्य आणि सहा हजारांचा लहान स्पीकर, असा तिचा हिशेब आहे, दुकानात विचारून आलेला.

कोणी म्हणेल, हे सगळं मुंबई-अमेरिकेचं झालं. तर मग विदर्भात चला. तुकडोजी महाराज, १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले. गरीब घर. हातात खंजिरी. लाकडाची एक कडी, एका बाजूला कातडं, कडेला झांजा. गुरू नको, तंबोऱ्यासारखा सूर लावत बसायला नको, बैलगाडीत मावते, पिशवीतही मावते. त्यांची भजनं ऐकून गावोगाव भजनी मंडळं निघाली आणि मंडळ निघालं की खंजिरी आलीच. १९६८ साली महाराज गेले, पण आजही विदर्भातल्या गावांत खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात आणि त्यांत बायकांची मंडळं उतरतात. मी एकदा पाहिलंय. साठीची बाई, हातात खंजिरी, डोक्यावर पदर, आणि हात असा चाले की मी भजन ऐकायचं विसरून हातच बघत बसले. तिला कोणी 'ही तुझी गरज आहे की हौस' असं विचारलं नसणार. भजन म्हटलं की चालतं ना! देवाच्या नावानं बाईला पुष्कळ गोष्टी करता येतात, स्वतःच्या नावानं येत नाहीत.

आणि आपल्याच काळात, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कडूबाई खरात आहेत. एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हणत दारोदार फिरणारी बाई. कोणीतरी मोबाईलवर तिचं गाणं घेतलं आणि ते गावोगाव गेलं. एक तार. एकच. ती हातात असलेली बाई पाहून वस्तीतल्या किती पोरींनी मनात म्हटलं असेल, हे मलाही जमेल. चित्रातल्या मीराबाईच्या हातातली एकतारी आपण रोज पाहतो, पण ती पाहून कोणी एकतारी विकत घ्यायला जात नाही. जिवंत बाई लागते.

तुमच्या तालुक्यात जिवंत बायांची वाण नव्हती. मणिबेली तुमच्याच अक्कलकुव्यातलं. सरदार सरोवराचं पाणी चढत होतं तेव्हा नर्मदाकाठच्या बाया गाणी म्हणत रस्त्यावर बसल्या होत्या, हे इथल्या म्हाताऱ्या बायांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं. शिबिरात गाणं नसेल तर शिबिर होत नाही. पण गेली दहा वर्षं मी प्रत्येक शिबिरात पाहते, गाणं बाई उचलते आणि डफ कोणी तरी भाऊ वाजवतो. तो नसला तर आम्ही टाळ्या वाजवतो. आमच्या इतक्या वर्षांच्या चळवळीत 'डफ मला दे' असं म्हणायचं आम्हाला सुचलं नाही. मला तर मुळीच नाही.

मी त्या मुलीकडं पुन्हा गेले. माफी मागायला गेले होते, पण तिला त्यात फार रस नव्हता. ती म्हणाली, 'ताई, एक अडचण आहे. हे एकटीनं वाजवायचं वाद्य नाही. बरोबर कोणी तरी लागतं, ताल धरणारं, गाणारं.' मी म्हटलं, 'भाऊ आहे की.' ती म्हणाली, 'तो बँडमध्ये घेणार नाही म्हणतो. वरातीत पोरगी गाडीवर उभी राहिली तर लोक काय म्हणतील.' मी त्या भावाशीही बोलले. पोरगा वाईट नाही. त्याचं म्हणणं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वरात, दारू प्यालेली माणसं, तिथं बहिणीला कसं नेऊ? हा प्रश्न खोटा नाही. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. नुसतं वाद्य घेऊन दिल्यानं ते सुटणार नाही, हेही मला दिसतं.

वसतिगृहातल्या दोन मुली गातात. तिघी मिळून काही करू म्हणतात, शाळांतून, मेळाव्यांतून. शिकणार कसं, तर मोबाईलवर बघून. आणि नंदुरबारला एक गिटार शिकवणारे सर आहेत, ते रविवारी बेसची सुरुवात करून देतो म्हणालेत. एसटीचं भाडं ती स्वतः भरणार. बोटं फुटतील, फोड येतील, हे मी तिला सांगितलं. तिनं मला तळहात दाखवले. कोयत्याचे घट्टे होते.

अर्ज दुरुस्त करून पुन्हा आला आहे. तीच रक्कम, शेकडा दोन रुपये व्याज, वीस हप्ते. आईनं कारणाचा रकाना या वेळी कोरा ठेवला आहे. मला म्हणाली, 'तुम्हीच लिहा काय लिहायचं ते.' दुपारी जेवणानंतर गटाची बैठक या मांडवातच आहे. पंधरापैकी अकरा बाया आलेल्या मला इथून दिसतात. मागच्या वेळी विरोधात हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते, आणि मी सदस्य नसल्यामुळं मला मुळात हात वर करायचा अधिकारच नव्हता, हेही आज सांगून टाकते. या वेळी मी मागं बसेन.

भाकरी तयार आहे असं आतून सांगताहेत. थांबते.